हिरामणरावांचं वय आणि लाकडी तुफान

हिरामण पगारे यांना आयुष्यात कोणी पिशव्या सांभाळायला बसवलं नव्हतं. सरकारी खात्याच्या भांडारात तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची सात हेडक्लार्कच्या खुर्चीत. त्यांच्या सहीशिवाय भांडारातून खिळा बाहेर जात नसे. अशा माणसाला सव्वीस जानेवारी दोन हजार चार रोजी, भर दुपारी, नाशिकबाहेरच्या ‘मौजवन’ नावाच्या उद्यानात एका बाकावर दहा माणसांच्या पिशव्या, तीन पर्सेस आणि एक डबा घेऊन बसावं लागलं. समोर त्यांचे व्याही झुंबर निकाळे दोन्ही हात वर करून आकाशातून खाली येत होते आणि किंचाळत होते. किंचाळण्याबद्दल हिरामणरावांचं काही म्हणणं नव्हतं. व्याही एकसष्ट वर्षांचे होते, याबद्दल होतं.

सहल हिरामणरावांनीच काढली होती, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नंतर ते कोणी लक्षात ठेवलं नाही. मौजवनात देशी लाकडाचा रोलर कोस्टर उभा राहतोय ही बातमी पेपरात आली, तेव्हापासून ते तिच्यामागे होते. नाव ‘लाकडी तुफान’. लांबून पाहिलं तर सात मजली इमारतीची सेंट्रिंग बांधून ठेवली आहे आणि स्लॅब टाकायचा विसरून ठेकेदार गावाला गेला आहे, असं दिसे. वरून रूळ. रुळांवर चोवीस माणसांची गाडी. गाडी साखळीने नव्वद फूट वर चढायची, क्षणभर विचार करायची आणि मग सोडून द्यायची. लोखंडाच्या पाळण्यात काय आहे, लाकडाची गंमत वेगळी, ती खडखडते, हलते, माणसाला शंका येते, असं हिरामणराव तीन महिने जो भेटेल त्याला सांगत होते. मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. निफाडच्या व्याह्यांना त्यांनी फोनवर शब्द दिला होता, “निकाळे सर, पहिल्या डब्यात आपण दोघं. ठरलं.”

आणि ठरल्याप्रमाणे दोघं फाटकापर्यंत एकत्र गेले. फाटकावर नवसाबाई होती. उद्यानाला जमीन गेली म्हणून घरटी एक नोकरी मिळाली, त्यातली ही. नऊवारीवर निळं जाकीट, अंबाड्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. तिने हिरामणरावांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं आणि हात आडवा केला.

“बाबा, तुमी तिकडं बाकड्यावर बसा.”

“का?”

“पाटी वाचा. चार फुटाच्या आतली पोरं, दोन जिवाची बाई, हार्टवाला मानूस आन् पंचावनच्या वरचा, येवढ्यांना नाय.”

“मग यातला मी कोण?” हिरामणरावांनी विचारलं.

“आता त्ये बी मीच सांगू?”

रांग हसली. हिरामणरावांचे केस पस्तिसाव्या वर्षीच पांढरे झाले होते. पगारे घराण्यात तशी चालच आहे. त्यांचं खरं वय होतं त्रेपन्न. तसं त्यांनी सांगितलं. नवसाबाई म्हणाली, “पुरावा?”

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता, किंवा नुसता रागावला असता. पण पुरावा हा शब्द ऐकला की हेडक्लार्कचा हात आपोआप खिशात जातो. हिरामणरावांनी मोठ्या ऐटीत खात्याचं ओळखपत्र काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. नवसाबाई चौथी शिकलेली होती. तिने बोट लावून वाचलं, बोटांवर मोजलं आणि ओळखपत्र परत दिलं.

“एक जून अठ्ठेचाळीस. पंचावन होऊन आठ म्हयने झाले. चला, बाजूला व्हा.”

तेवढ्यात मागून निकाळे सर पुढे झाले. निवृत्त मुख्याध्यापक, एकसष्ट पूर्ण, पण डोकं ताज्या डांबरासारखं काळंभोर. नवसाबाईने त्यांना काही विचारलं नाही. उलट “या दादा” म्हणाली. आत जाता जाता सर वळले. “पगारेभाऊ, माझं पाकीट तेवढं ठेवता? वर उडून जाईल.”

आता ही एक जूनची भानगड. ज्यांचं शिक्षण खेड्यात झालं त्यांना समजावून सांगायची गरज नाही, आणि शहरातल्यांना समजत नाही. पेठच्या बाजूला डोंगरात करंजदरा नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत चोपन्न साली दुसऱ्या शिक्षकाची जागा टिकवायला चार मुलं कमी पडत होती. गुरुजी गावभर फिरले. हिरामणची थोरली बहीण शाळेत जायची, तिच्या परकराला धरून साडेतीन वर्षांचा हिरामण रडत होता. गुरुजींनी त्याला तसाच उचलला, पट भरला आणि रजिस्टरात लिहिलं: वय सहा, जन्म एक जून अठ्ठेचाळीस. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा मुलंही जूनमध्येच जन्मत असावीत, असा त्या काळच्या गुरुजींचा समज होता. हिरामणराव पहिलीत तीन वर्षं बसले, ते काही ढ म्हणून नव्हे. पहिली दोन वर्षं ते दुपारी झोपत.

असे लोक महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. हिरामणरावांच्या खात्यात एकतीस मे म्हणजे सामुदायिक विवाहासारखा सामुदायिक निरोप समारंभ असतो. एका रांगेत चौदा खुर्च्या, चौदा नारळ, आणि बाजारात हार मिळत नाहीत. हिरामणरावांचाही हार एकतीस मे दोन हजार सहाला ठरलेला होता. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. गुरुजींनी अडीच वर्षं खाल्ली ती खाल्ली. पण नोकरीतून अडीच वर्षं गेली तर ते सरकारी काम असतं. व्याह्यासमोर गेली तर ती अब्रू असते.

चार दिवसांनी जावई, बंटी, निफाडहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. पेटीवर एक फोटो होता. लाकडी तुफानाच्या पहिल्या उतारावर कॅमेरा बसवलेला असतो, तो पटकन फोटो घेतो आणि मग उद्यानवाले चौकटीत घालून देतात. निकाळे सरांनी एक आपल्या हॉलमध्ये लावला होता आणि एक प्रेमाने व्याह्यांना पाठवला होता. फोटोत सर वाघासारखे हसत होते. ललिताबाईंचं, म्हणजे हिरामणरावांच्या स्वतःच्या पत्नीचं, तोंड आनंदाने उघडं होतं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढे, बाकावर, मांडीवर पिशव्या घेऊन हिरामणराव बसले होते.

“पप्पा म्हणाले, बघा, सगळे आले फोटोत,” बंटी म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. द्राक्षं गोड होती. हिरामणरावांना तोही अपमानच वाटला.

“ललिता, मी त्या गाडीत बसणार,” बंटी गेल्यावर ते म्हणाले. “पहिल्या डब्यात. आणि निकाळे खाली उभे राहून बघणार.”

“अहो, मी तीनदा बसले. पोटात गोळा येतो, दुसरं काही नाही.”

“प्रश्न गोळ्याचा नाही. नोंदीचा आहे.”

शेजारी मल्हारी कोकणे राहत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. बॉयलरशी तीस वर्षं बोलल्यामुळे मोठ्याने बोलत आणि उत्तराची वाट बघत नसत. त्यांनी भिंतीपलीकडून प्रकरण ऐकलं होतंच. ते आले, चहा मागितला आणि निकाल दिला.

“काय पगारे, एवढंसं काम! डाय करा. तुमच्या व्याह्याने काय केलं? डोकं काळं केलं. बाईने पुरावा मागितला का? नाही. प्रेशर बरोबर आलं की झडप आपोआप उघडते.”

हिरामणरावांना हे पटलं नाही. खऱ्या वयाच्या माणसाने खोटे केस का लावावेत? पण फोटो टीव्हीवर ठेवला होता आणि जेवताना दिसायचा. शनिवारी त्यांनी कोकण्यांच्या देखरेखीखाली डाय लावला. रविवारी सकाळी डोकं काळं होतं, कपाळ काळं होतं, डाव्या कानाची पाळी काळी होती आणि दोन्ही डोळे सुजून बटणासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे, दोन दिवस घरी थांबा. हिरामणराव थेट मौजवनात गेले. सुट्टी रविवारचीच होती.

नवसाबाईने त्यांना जवळ येऊ दिलं. केसांकडे पाहिलंच नाही, तोंडाकडे पाहिलं.

“अगं माय! बाबा, काय झालं तुमाला? तोंड केवढं सुजलंय. आजारी मानसाला बी नाय बसता येत. हे बघा, पाचवी ओळ.”

“मी आजारी नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.”

“व्हय व्हय. पानी देऊ का?”

म्हणजे पांढऱ्या केसांनी वयामुळे अडवलं आणि काळ्या केसांनी तब्येतीमुळे. हिरामणरावांनी मॅनेजरची भेट मागितली. मॅनेजर कोवळा होता, टाय लावलेला, आदबशीर. म्हणाला, “सर, आम्ही काय करणार? विमा कंपनीची अट आहे. तुम्ही जन्माचा दाखला आणा, पंचावन्नच्या आतलं वय दाखवा, मी स्वतः तुम्हाला पहिल्या डब्यात बसवतो.”

कोणाही माणसाला याचा राग आला असता. हिरामणरावांना उलट आदर वाटला. तीस वर्षं ते स्वतः लोकांना हेच सांगत आले होते. समोरचा माणूस कितीही खरं बोलत असो, कागद आणा. कागद आणणं हा त्यांचा प्रांत होता. त्यांना वाटलं, आता मैदान आपलं.

पुढच्या शनिवारी ते करंजदऱ्याला गेले. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदवही एकसष्ट सालापासून पुढची. आधीचे लोक तिथे जन्मलेच नव्हते. शाळेत रजिस्टर मिळालं. तरुण मुख्याध्यापकाने धूळ झटकून पान दाखवलं. त्या पानावर तेवीस मुलं होती आणि तेवीसच्या तेवीस एक जूनला जन्मली होती. त्यात दोन सख्खे भाऊ होते, एकाच सालचे, आणि ते जुळे नव्हते.

“हे कसं शक्य आहे?” हिरामणरावांनी विचारलं.

“सर, रेकॉर्डला आहे,” मुख्याध्यापक म्हणाला.

शेवटी गावातली सुईण विठाबाई भेटली. नव्वदीच्या पुढची असेल; तिच्या वयाची नोंद मात्र कोणीच केली नव्हती, त्यामुळे ती सुखी होती. ओट्यावर बसून नागलीचे दाणे निवडत होती.

“हिऱ्या? रखमीचा? तोंड काय करून घेतलंस रं ह्ये?”

“डाय लावला, मावशी. मावशी, मी झालो ते साल सांगता येईल का?”

“साल मला काय ठावं? भातकापनी चालू व्हती. सवतंत्र झालं ना, त्याच्या चवथ्या भातकापनीला. माझी तांबडी गाय व्याली न् तिसऱ्या दिशी तू. गाईला खोंड झाला, तुझ्या आईला तू. खोंड लय गुनाचा निघाला.”

म्हणजे सन पन्नास, कार्तिक. हिरामणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं डायचंही असेल. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या वयाबद्दल खरं बोललं होतं.

विठाबाईला त्यांनी जीपमध्ये घालून नाशिकला आणलं. कोकण्यांनी एक वकील गाठून दिला. त्याने प्रतिज्ञापत्र तयार केलं, त्यात तांबडी गाय घ्यायला नकार दिला, खोंड तर नाहीच. हिरामणरावांनी हट्ट धरला की गाय हाच मुख्य पुरावा आहे. शेवटी ‘गृहपशूच्या विण्याच्या सुमारास’ एवढ्यावर तडजोड झाली. विठाबाईने अंगठा दिला आणि विचारलं, “ह्ये कशापायी रं? नोकरी लागायची का?”

“नाही मावशी. गाडीत बसायला.”

“मंग यष्टीत बस की. कोन नाय म्हनतंय?”

वकील म्हणाला, आता एक जाहीर नोटीस पेपरात द्या, म्हणजे कोणी हरकत घेणार नाही. एका स्थानिक दैनिकाच्या पाचव्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या वर आणि बोअरवेलच्या खाली, नोटीस छापून आली: तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझी खरी जन्मतारीख एक जून १९४८ नसून कार्तिक, सन १९५० अशी आहे, तरी कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे. हिरामण पगारे.

हरकत दुसऱ्याच दिवशी आली. घेणारा गोरक्ष शिरसाठ. हिरामणरावांच्या शेजारच्या टेबलावरचा सीनियर क्लार्क. एकतीस मे दोन हजार सहाला हेडक्लार्कची खुर्ची त्याला मिळणार होती. तिला गादी कुठल्या रंगाची लावायची हेही त्याने ठरवलेलं होतं.

“पगारेसाहेब, हे बरं नाही केलं,” तो पेपर नाचवत म्हणाला. “अडीच वर्षं जास्त बसायचं होतं तर तोंडावर सांगायचं. पाचव्या पानावर कशाला?”

“अरे बाबा, नोकरीशी काही संबंध नाही. मला रोलर कोस्टरमध्ये बसायचंय.”

गोरक्षने पेपरची घडी घातली. “साहेब, तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललात,” तो म्हणाला, “आणि तेही असलं!”

आठवड्याच्या आत कारणे दाखवा नोटीस निघाली. निवृत्तीला सव्वादोन वर्षं राहिली असताना जन्मतारीख बदलण्याचा प्रयत्न ही शिस्तभंगाची बाब आहे, तरी आपल्या निवृत्तिवेतनावर परिणाम का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

निवृत्तिवेतन हा शब्द ललिताबाईंनी बोटाने दाखवला. “अहो, त्या लाकडाच्या सांगाड्यापायी पेन्शन घालवणार का?”

हिरामणरावांनी खुलासा लिहायला घेतला आणि तिथे त्यांची खरी शोकांतिका सुरू झाली. तीस वर्षं इतरांचे खुलासे वाचून त्यांना ठाऊक होतं की खुलासा खरा असून भागत नाही, तो पटण्यासारखा असावा लागतो. आणि खरं असं होतं: ‘सदर जन्मतारखेचा उपयोग सेवाविषयक बाबींसाठी करण्याचा माझा हेतू नसून, केवळ मनोरंजन उद्यानातील लाकडी गाडीत, पहिल्या डब्यात, व्याह्यांच्या उपस्थितीत बसण्यापुरता तो मर्यादित आहे.’ त्यांनी हे सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा खोटं वाटलं. शेवटी तसंच दिलं.

मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. “पगारे, थट्टा करताय का?”

“नाही सर.”

“तुम्ही. हेडक्लार्क. डोक्यावर पांढरे… हे काळे कसे झाले?”

“ती वेगळी बाब आहे, सर.”

साहेब सज्जन होते. त्यांनी शहानिशा करायचं ठरवलं आणि मौजवनाला पत्र लिहायला सांगितलं. पत्राचा मसुदा गोरक्षने केला. खात्याच्या छापील कागदावर, जावक क्रमांक घालून, ‘आपल्या उद्यानातील लाकडी गाडीच्या वयोमर्यादेबाबत व श्री. हिरामण पगारे, हेडक्लार्क, वय ५६, यांना प्रवेश नाकारल्याबाबत सविस्तर अहवाल तात्काळ सादर करावा.’ फाइल टेबलांवरून फिरेपर्यंत जून उलटून गेला होता, त्यामुळे कागदोपत्री हिरामणराव छप्पन झाले होते. स्वतः अजून त्रेपन्नच होते.

मॅनेजरचं उत्तर उलट टपाली आलं. होय, श्री. पगारे यांना अतिवयामुळे प्रवेश नाकारला, नंतर सुजलेल्या चेहऱ्याने पुन्हा आले, तेव्हाही नाकारला, कळावे. साहेबांनी ते वाचून पोट धरून हसून घेतलं आणि मग प्रकरण मिटवलं. अट एकच. हिरामणरावांनी हमीपत्र द्यायचं: माझी जन्मतारीख एक जून अठ्ठेचाळीस हीच खरी असून, यापुढे मी कोठेही वेगळं वय सांगणार नाही.

ललिताबाईंनी पेन हातात दिलं. हिरामणरावांनी सही केली, तारीख घातली, खाली हुद्दा लिहिला. गोरक्षने कागद उचलला आणि हसून म्हणाला, “आता कसं, साहेब! एकतीस मे.”

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, “ललिता, आजपासून मी अडीच वर्षांनी म्हातारा.”

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण सरकारी कागद एकदा बाहेर पडला की तो आपल्या गतीने जात राहतो. मौजवनात त्या पत्राने हाहाकार माजवला होता. मॅनेजरच्या समजुतीप्रमाणे सरकारने लाकडी तुफानाची चौकशी सुरू केली होती आणि पगारे हा माणूस दोन वेळा वेष बदलून पाहणी करून गेला होता. दिवाळीच्या आधी हिरामणरावांना पत्र आलं. आपण गाडीची प्रत्यक्ष पाहणी करून शेरा द्यावा, सकाळी आठ वाजता, उद्यान उघडण्यापूर्वी. सोबत कुटुंबीयांचंही स्वागत आहे.

“जाऊ नका,” ललिताबाई म्हणाल्या.

“निकाळे सरांना फोन लाव,” हिरामणराव म्हणाले.

निकाळे आले. पत्नी मोहिनीबाई, बंटी आणि हिरामणरावांची लेक संजना, सगळे आले. कोकणे न बोलावता आले. फाटकाशी नवसाबाई उभी होती. पत्र आल्यापासून तिला सक्त ताकीद होती, पुरावा पाहिल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही.

निकाळे सर सवयीने पुढे झाले. “जय भीम ताई, मीही बसतो ह्यांच्याबरोबर. पहिल्या डब्यात आम्ही दोघं, ठरलेलं आहे.”

“पुरावा?”

“अहो, मी ह्यांचा व्याही.”

“व्याह्याला वय नसतं व्हय?”

सरांनी खिशात हात घातला, काढला, आणि केसांवरून फिरवला. मग दोन पावलं मागे सरकले. हिरामणरावांनी तो क्षण मनापासून पाहिला. नऊ महिन्यांच्या वणवणीचं त्यांना इथेच सगळं मिळालं असतं, पुढे काही घडलं नसतं तर.

गाडीत ते एकटेच होते. पाहणीच्या फेरीत वजन लागतं म्हणून मागच्या तेवीस जागांवर वाळूची पोती बसवली होती, पट्ट्यांनी बांधून. पहिल्या डब्यात, पहिल्या जागी, पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर शेऱ्याची वही, हिरामणराव. केस पुन्हा पांढरे झाले होते, टोकं तेवढी काळी. मॅनेजरने फुलांचा गुच्छ दिला. नवसाबाईने मांडीवरचा दांडा खाली दाबून खट्कन लावला आणि हातातला तक्ता मोठ्याने वाचला, नियमाप्रमाणे.

“पाहनी करनार, हिरामन पगारे. हुद्दा, हेडक्लार्क. वय, छप्पन. पाहनी आसल्यामुळं वयाची सूट दिली हाय. सोडा गाडी!”

“थांबा!” हिरामणराव म्हणाले. “सूट? सूट कोणी मागितली? मला सूट नको. मी पंचावन्नच्या आतला आहे, मला हक्काने…”

गाडी सुटली.

साखळीचा खडखडाट सुरू झाला. त्यावर खालच्या सगळ्यांना हिरामणरावांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, कारण ते मान मागे वळवून बोलत होते. “नोंद चुकीची आहे! तक्त्यात त्रेपन्न करा! सही मी दिली ती खात्याला दिली, तुम्हाला नाही दिली! माझ्याकडे सुईणीचा अंगठा आहे!” नव्वद फुटांवर गाडी थांबली. क्षणभर विचार केला. त्या शांततेत संबंध मौजवनाला ऐकू गेलं, “आणि गाय! गाईचं तुम्ही घेतलंच नाही!”

गाडी कोसळली. मोहिनीबाईंनी डोळे झाकले. निकाळे सरांनी, ज्यांनी स्वतःच्या फेरीत पहिल्या उतारावरून खालपर्यंत फक्त ‘आई गं’ एवढंच म्हटलं होतं, थक्क होऊन ऐकलं. लाकूड कण्हत होतं, पोती हेलकावत होती, गाडी आडवी होत होती, उलटी वाटावी अशी वळत होती. आणि हिरामणराव बोलत होते. “एकसष्ट वर्षांच्या माणसाला,” पहिला उतार, “विचारत नाही,” दुसरा, “आणि जो खरा त्रेपन्नचा,” बोगदा, त्यातूनही आवाज आला, “त्याला बाकावर बसवता!” शेवटचा हिसका. “हा काय न्याय झाला?”

गाडी फलाटाला लागली. नवसाबाईने दांडा उचलला. हिरामणराव उतरले, शर्ट खोचला आणि त्याच दमात म्हणाले, “म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, सूट हा शब्द काढून टाका.”

नवसाबाईने तक्ता काखेत मारला.

“पगारेभाऊ,” निकाळे सर हळूच म्हणाले, “कसं वाटलं?”

हिरामणरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की काहीच आठवत नाही. कधी चढलो, कधी पडलो, पोटात गोळा आला की नाही, वरून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं म्हणतात ते दिसलं की नाही. सगळा वेळ ते तक्त्याशी भांडत होते.

“लाकूड बरं आहे,” ते म्हणाले, आणि वहीत तसंच लिहून सही केली.

“परत एक चक्कर मारायची का, सर?” मॅनेजरने विचारलं.

“तिकीट काढून बसेन. त्रेपन्नचं.”

“मग नाय जमायचं,” नवसाबाई म्हणाली.

निकाळे सर त्या दिवसापासून बदलले. त्यांनी शाळेत पस्तीस वर्षं मुलांना भाषण शिकवलं होतं. घाबरलेल्या माणसाचं वाक्य कुठे तुटतं हे त्यांना बरोबर माहीत होतं. नातेवाइकांत, लग्नात, साखरपुड्यात, जिथे जातील तिथे ते हिरामणरावांना खांद्याला धरून पुढे करत. “हे आमचे व्याही. नव्वद फुटांवरून खाली आले, पण वाक्य अर्धं सोडलं नाही. आणि वय किती? छप्पन!”

“वा!” लोक म्हणत. म्हातारे हात जोडत.

पहिल्यांदा हिरामणरावांनी तोंड उघडलं होतं. त्रेपन्न, असं म्हणणार होते. पण पुढच्या रांगेत गोरक्ष शिरसाठ बसला होता, हमीपत्र खात्यात होतं, आणि शिवाय, हे त्यांनी फक्त मनात म्हटलं, त्रेपन्नचा माणूस खाली येतो यात विशेष काय?

दुसऱ्या लग्नात सरांनी अठ्ठावन्न सांगितलं. हिरामणराव अस्वस्थ झाले. वाटीतलं वरण ढवळत राहिले. परवा चांदोरीच्या लग्नात पंगतीत सर उभे राहून म्हणाले, “हा माणूस, मंडळी, साठीच्या पुढचा आहे!” सगळी पंगत वळून बघायला लागली. ललिताबाईंनी कोपराने ढोसलं, “अहो, सांगा ना, खोटं आहे म्हणून.”

हिरामणरावांनी मंडळींकडे पाहून नम्रपणे मान हलवली आणि पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

“असू दे,” ते म्हणाले. “नोंद आहे.”